नाव ठेवणे आणि नाव राखणे : खानदेशातील एक जुनी परंपरा

मराठीत ‘नाव’ या शब्दाभोवती जमलेले वाक्प्रचार पाहिले, तर समाजाने नावाला किती मोल दिले आहे, हे ध्यानात येते. बाळाचे नाव ठेवतात, घराण्याचे नाव चालवतात, कर्तबगार मुलगा वडिलांचे नाव काढतो आणि नाकर्ता ते बुडवतो. दिवंगत आजोबांचे, आजीचे किंवा अकाली गेलेल्या काकांचे नाव घरातील नव्या बाळाला देण्याची प्रथा याच भावनेतून रूढ झाली आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या पूर्व व पश्चिम खानदेशात, पूर्वजांच्या नावाच्या पुनरावृत्तीचे दाखले आठशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखांतही सापडतात. मात्र याच दाखल्यांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. नुसते ठेवलेले नाव दोन-तीन पिढ्या टिकते. त्यापुढे ते टिकवायचे असेल, तर मागे राहिलेल्यांना त्या नावासाठी काही काम करावे लागते.

पाळण्यातले नाव आणि हाकेचे नाव

बारशाच्या दिवशी पाळणा सजवला जातो, सुवासिनी पाळणे म्हणतात आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. नाव ठेवण्याचा हा मान आत्याचा. वडिलांचे नाव आपल्या भाच्याला मिळावे, असे तिला वाटले तर त्यात नवल नाही. कारण तिचे माहेर ज्या माणसामुळे उभे राहिले, त्याचे नाव त्या घरात पुन्हा उच्चारले जाणार असते.

नामकरणाच्या धार्मिक विधीत बाळाला एकापेक्षा अधिक नावे दिली जातात. कुलदेवतेवरून येणारे देवतानाम, जन्ममासावरून येणारे मासनाम, जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारे नाक्षत्रनाम आणि रोजच्या वापरातील व्यावहारिक नाम, असे त्याचे चार प्रकार परंपरेने मानले आहेत. पूर्वजाचे नाव देण्याची सोय या बहुविधतेमुळेच झाली. नक्षत्राच्या चरणाला जे अक्षर येते, त्या अक्षराने आजोबांचे नाव सुरू होत नसेल, तर राशीनाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारात आजोबांचे नाव घेतले जाते. उलट, आजोबांचे नाव आईवडिलांना फार जुने वाटत असेल, तर ते पाळण्यातले नाव म्हणून राहते आणि शाळेच्या दाखल्यावर निराळे नाव लागते.

हयात वडीलधाऱ्यांचे नाव बाळाला न देण्याचा संकेत अनेक मराठी घरांत पाळला जातो. घरातील वडील माणसाच्या निधनानंतर थोड्याच काळात मूल जन्माला आले, तर ‘आजोबाच परत आले’ असे सहज म्हटले जाते. त्या बाळाला आजोबांचे नाव देण्यात दुःखावर फुंकर घालण्याचा भाग मोठा असतो.

या प्रथेत एक व्यावहारिक अडचणही होती. जुन्या पद्धतीनुसार सून सासऱ्याचे नाव उच्चारत नसे. मुलाला सासऱ्यांचेच नाव ठेवले, तर आईने त्याला हाक कशी मारायची, असा प्रश्न उभा राही. मग अशा मुलाला आबा, बापू, अण्णा, नाना, तात्या, भाऊ अशी हाक मारली जाई. लहानग्याला घरातल्या सर्वांनी ‘आबा’ किंवा ‘बापू’ म्हणण्यामागे कित्येकदा हे कारण असे. पुढे ही हाकच इतकी रूढ होई, की मूळ नाव सातबाऱ्यावर आणि लग्नपत्रिकेतच वाचायला मिळे.

तीन पिढ्यांचा हिशेब

पूर्वजांच्या नावांशी नव्या नावाचा संबंध असावा, हा विचार फार जुना आहे. पतंजलीच्या ‘महाभाष्या’त मुलाचे नाव कसे असावे, याची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत ‘त्रिपुरुषानूक’ असा एक शब्द येतो. मागील तीन पुरुषांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या, नावांना अनुसरणारे नाव असावे, असा त्याचा आशय आहे. ‘महाभाष्य’ हा ग्रंथ सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील मानला जातो. म्हणजे सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी हा संकेत विद्वानांच्या परिचयाचा होता.

तीन पिढ्यांची हीच मर्यादा श्राद्धविधीतही दिसते. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांचा नाव व गोत्रासह उच्चार होतो. वसू, रुद्र आणि आदित्य ही त्यांची अनुक्रमे रूपे मानली जातात. पणजोबांच्या मागील पूर्वजांची नावे विधीत वेगवेगळी घेतली जात नाहीत. माणसाची आठवण नावानिशी कुठवर पोचते, याचा जणू हिशेबच परंपरेने मांडून ठेवला आहे.

मराठी माणसाच्या लेखी नावाची मर्यादा तर याहूनही कमी आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही आपली प्रचलित पद्धत. रामचंद्र यांच्या मुलाचे नाव गोविंद असेल, तर तो गोविंद रामचंद्र होतो. गोविंदच्या मुलाच्या नावात मात्र रामचंद्र उरत नाहीत. त्या नातवाचेच नाव रामचंद्र ठेवले, तर तो रामचंद्र गोविंद होतो आणि पुसले जाणारे नाव पुन्हा कागदावर येते. अनेक घराण्यांच्या वंशावळीत दोनच नावे एकाआड एक येताना दिसतात, ती यामुळेच. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र याचा ताप होतो. एकाच नावाचे आजोबा आणि नातू जुन्या कागदांत भेटले, की कागद कोणत्या पिढीचा, हे तारखेवरून किंवा अन्य पुराव्यावरून ठरवावे लागते.

राजघराण्यांतही हा प्रघात होता. विदर्भातील वाकाटकांमध्ये पहिल्या रुद्रसेनाच्या नातवाचे नाव रुद्रसेनच होते. खानदेशावर सन १६०१ पर्यंत राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातही हेच दिसते. धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या थाळनेर येथे या घराण्याची सुरुवातीची राजधानी होती आणि तेथे त्यांच्या कबरी आजही आहेत. या घराण्यात आदिल खान पहिला, त्याचा मुलगा मुबारक खान आणि नातू आदिल खान दुसरा, असा क्रम आढळतो. धर्म आणि भाषा भिन्न असली, तरी आजोबांचे नाव नातवाकडे येण्याची रीत सारखीच होती.

जगातील इतर समाजांतही अशा रीती आहेत. युरोपातील अश्केनाझी ज्यू समाजात मुलाला केवळ दिवंगत नातलगाचेच नाव देतात. हयात व्यक्तीचे नाव देणे वर्ज्य मानतात. सेफार्दी ज्यूंमध्ये मात्र हयात आजी-आजोबांचे नाव देणे हा त्यांचा सन्मान समजला जातो. ग्रीक कुटुंबांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देण्याची जुनी चाल आहे.

मराठेशाहीतील दाखले

मराठ्यांच्या इतिहासात दिवंगत नातलगाच्या नावाचे अनेक ठळक दाखले मिळतात. छत्रपती शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. त्यानंतर १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर महाराजांना पुत्र झाला आणि त्याचे नाव संभाजी ठेवण्यात आले. छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांचा जन्म १६८२ चा, म्हणजे आजोबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी झाला. त्यांचे मूळ नाव शिवाजी होते. दोन पिढ्यांत एकदा काकांचे आणि एकदा आजोबांचे नाव घराण्यात परतले.

पेशव्यांच्या घराण्यात १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तले. त्यानंतर पहिल्या बाजीरावांना झालेल्या थोरल्या मुलाला बाळाजी हे आजोबांचे नाव मिळाले. तेच पुढे नानासाहेब पेशवे म्हणून प्रसिद्धीस आले. यापेक्षा करुण उदाहरण सवाई माधवरावांचे आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने गेले. त्यांच्या मागून गादीवर आलेले धाकटे बंधू नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर प्रसूत झाल्या. वडिलांचे तोंडही न पाहिलेल्या या बाळाला दिवंगत चुलत्यांचे, म्हणजे माधवरावांचे, नाव देण्यात आले. त्या नावामागे राज्य सावरणाऱ्या एका पेशव्याची कीर्ती होती आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळत असताना कारभाऱ्यांना त्या कीर्तीचीही गरज होती.

नाव दत्तकविधानातूनही येते. धुळ्याच्या शेजारी, मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी १८६३ मध्ये जन्मलेल्या गोपाळराव गायकवाड यांना १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेतले. गादीवर बसताना त्यांचे नाव सयाजीराव झाले. जमनाबाईंचे दिवंगत पती खंडेराव महाराज यांच्या वडिलांचे नाव सयाजीराव होते. म्हणजे दत्तक घराण्यातील आजोबांचे नाव या शेतकऱ्याच्या मुलाला मिळाले. तिसऱ्या सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापासून ग्रंथालयांपर्यंत जे कार्य केले, त्यामुळे आज केवळ ‘सयाजीराव’ म्हटले, की आजोबांऐवजी नातूच डोळ्यांपुढे येतो.

पाटणे आणि बहाळ : नावामागे मठ

खानदेशातील सर्वांत बोलका दाखला चाळीसगाव तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पाटणे येथील शिलालेखात गणितज्ञ भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कोरली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशा नऊ पिढ्या त्यात येतात.

या यादीत भास्कर हे नाव दोनदा आले आहे. भास्कराचार्यांच्या खापरपणजोबांचे वडील भास्करभट्ट हे भोजराजाकडून ‘विद्यापती’ ही पदवी मिळालेले पंडित होते, असे लेख सांगतो. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांचे नाव त्या पूर्वजावरून जाणीवपूर्वक ठेवले, असे लेखात म्हटलेले नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या विद्या जपणाऱ्या या घरात नावांची ये-जा कशी होत असे, हे दुसऱ्या एका लेखावरूनही कळते. चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठी बहाळ हे गाव आहे. तेथील १२२२ च्या, म्हणजे शके ११४४ च्या, शिलालेखात याच घराण्याची दुसरी शाखा येते. महेश्वरांचे पुत्र श्रीपती, त्यांचे पुत्र गणपती आणि गणपतींचे पुत्र अनंतदेव असा तो क्रम आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी अनंतदेवांनी तेथे भवानीचे मंदिर बांधले. त्या प्रशस्तीची रचना त्यांच्या धाकट्या भावाने केली. त्या भावाचे नाव महेश्वर, म्हणजे थेट पणजोबांचे!

भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळ याच्या पदरी होते. नातू चांगदेव सिंघणाचे ज्योतिषी झाले. चांगदेवांना आजोबांचे नाव मिळाले नव्हते. त्यांनी आजोबांचे कार्य मात्र पुढे नेले. भास्कराचार्यांच्या व घराण्यातील इतरांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे, म्हणून त्यांनी पाटणे येथे मठ स्थापन केला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी या मठाला दाने दिली. सोइदेवाच्या दानाचा काळ १२०७ चा मानला जातो.

शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. गावकऱ्यांनी मठाला काय द्यायचे, याचा तपशील मात्र जुन्या मराठीत आहे. बाजारातील खरेदी-विक्रीवरील हिस्सा आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, अशी ही व्यवस्था होती. आजोबांच्या ग्रंथांसाठी नातवाने मठ काढला, राजाने जमीन-महसूल दिला आणि गावच्या तेल्याने पळीभर तेल घातले. स्मरणाची जबाबदारी अशी वाटली गेली, म्हणून ते स्मरण आजही वाचता येते.

आखाजीची घागर

लेख कोरण्याची ऐपत नसलेल्या घरांनी पूर्वजांची आठवण सणांत गुंफली. अक्षय्य तृतीया खानदेशात ‘आखाजी’ म्हणून ओळखली जाते. सासुरवाशिणी या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी म्हटली जातात. त्याच दिवशी पितरांचेही स्मरण होते. पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरीची पितरांच्या नावाने पूजा करतात, आमरस आणि पुरणपोळीचा स्वयंपाक होतो आणि विस्तवावर नैवेद्य अर्पण करतात. या नैवेद्याला ‘आगारी’ म्हणतात. वैशाखाच्या ऐन उन्हात पूर्वजांना थंड पाणी मिळावे, ही त्यामागची साधी कल्पना.

लेक माहेरी येणे आणि पितरांना पाणी मिळणे, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात, हे या सणाचे वैशिष्ट्य होय. माहेरी आलेली लेक नातवंडांना आजोबांच्या गोष्टी सांगते. ज्याच्या नावाने घागर भरली, तो कोण होता, हे मुलांना त्या दिवशी कळते. भाद्रपदातील पितृपक्षात आणि सर्वपित्री अमावास्येलाही हाच उजाळा मिळतो. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नोंदींच्या वह्या असतात. तीर्थविधीसाठी गेलेल्या खानदेशातील अनेक कुटुंबांना विसरलेल्या पणजोबांचे नाव तेथेच पुन्हा गवसते.

आईच्या ओव्या, मुलाची वही

एखाद्या नावाला वंशजाच्या कामामुळे किती आयुष्य लाभते, याचे आधुनिक काळातील सर्वांत मोठे उदाहरण जळगावचे आहे. जळगावजवळील असोदे गावी उखाजी महाजन व भीमाई यांच्या पोटी १८८० मध्ये बहिणाबाईंचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही त्यांची मुले. तरुण वयातच त्यांना वैधव्य आले. शेतीची आणि घरची कामे करता करता त्या ओव्या रचत व म्हणत. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हते.

या ओव्यांतील काही त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी लिहून ठेवल्या. सोपानदेव स्वतः कवी होते. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ही हस्तलिखित वही आचार्य अत्रे यांना दाखवली. त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि शेतकरी घरातील ही माउली महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली.

येथे परंपरेचा क्रम उलटलेला दिसतो. मुलाने आईबापाचे नाव काढावे, अशी अपेक्षा असते. सोपानदेवांनी आईचे नाव काढले ते तिचेच शब्द जपून. आज सोपानदेवांची ओळख करून देताना अनेकदा ‘बहिणाबाईंचे चिरंजीव’ असे म्हटले जाते. स्वतःच्या कवितेपेक्षा आईची कविता मोठी ठरली, हे भाग्य फार थोड्या कवींच्या वाट्याला येते.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या पदवी प्रमाणपत्रावर आता, शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीचे नाव असते. ओव्या लिहून ठेवल्या गेल्या नसत्या, तर ते नाव चौधरी वाड्याबाहेर किती काळ टिकले असते, याचा विचार करण्यासारखा आहे.

धुळ्याचे मंडळ : वंशाबाहेरील वारस

नाव राखायला पोटचाच वारस हवा, असेही नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दप्तरे गोळा केली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यांनी प्रसिद्ध केले. त्यातील पहिला खंड १८९८ चा आहे. दुसऱ्यांच्या घराण्यांचे कागद वाळवीच्या तोंडून वाचवणाऱ्या या माणसाने ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला.

त्यांच्या मागे त्यांचे कागद कोण सांभाळणार, हा प्रश्न धुळेकरांनी सोडवला. १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यांनी जमवलेली कागदपत्रे, हस्तलिखिते आणि टिपणे तेथे जतन करण्यात आली. ‘राजवाडे धातुकोश’ आणि ‘राजवाडे नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ हे त्यांच्या अप्रकाशित सामग्रीतून साकारलेले ग्रंथ मंडळाने प्रसिद्ध केले. चांगदेवांनी आजोबांसाठी जे केले, तेच एका गावाने आपल्या पाहुण्या विद्वानासाठी केले. गंमत अशी, की घराण्यांच्या वंशावळी, कुळकट आणि महजर यांच्या शोधात असलेल्यांना आज याच मंडळाचा पत्ता सांगितला जातो.

स्त्रियांच्या नावांचे काय?

या परंपरेत एक मोठी उणीव राहिली आहे. वंशावळी बहुतांशी पुरुषांच्या नावांच्या असतात. पाटण्याच्या शिलालेखातील नऊ नावे नऊ पुरुषांची आहेत. लग्नानंतर मुलीच्या नावातून वडिलांचे नाव व आडनाव जाई. कित्येकदा पहिले नावही बदलले जाई. माहेरचे एक आणि सासरचे एक, अशी दोन नावे असलेल्या आजीचे नाव नातीला द्यायचे, तर त्यातले कोणते, हा प्रश्न घरोघरी पडतो. सासरच्या मंडळींना तिचे माहेरचे नाव ठाऊकही नसते. बहिणाबाईंचे वडील उखाजी महाजन हे नावही कवितेमुळेच महाराष्ट्राला माहीत झाले.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय दस्तऐवजात बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक करण्यात आला. आईचे नाव यापूर्वी स्वतंत्र रकान्यात असे. आता ते बाळाच्या पूर्ण नावाचा भाग झाले आहे. पूर्वजांच्या नावाची साखळी शोधणाऱ्या पुढच्या पिढ्यांना यामुळे दोन्हीकडचा धागा हाती लागेल.

जुनी नावे, नव्या वाटा

खानदेशातील जुन्या पिढीत सुपडू, उखर्डू, दगडू, भिका, झिपरू, लोटन अशी नावे सर्रास आढळत. आधीची मुले दगावली, की नंतरच्या बाळाला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलके नाव ठेवत. सुपात घालून घेतलेला तो सुपडू, देवाकडे भीक मागून मिळालेला तो भिका. या नावांत बालमृत्यूंचा धसका घेतलेल्या आईबापांची कहाणी दडलेली आहे. असे नाव शहरात वाढणाऱ्या नातवाला द्यायला आजचे आईवडील कचरतात, हे समजण्यासारखे आहे.

त्यातून काही मधल्या वाटा निघाल्या आहेत. आजोबांच्या नावाचे आद्याक्षर घेणे, त्याच अर्थाचे नवे नाव शोधणे, बारशाला आजोबांचे नाव ठेवून दाखल्यावर दुसरे लावणे, हे त्यांतील सर्वपरिचित प्रकार. दिवंगतांच्या नावाने शाळेत पारितोषिक किंवा वाचनालयाला ग्रंथ देण्याची रीतही रुजली आहे. मुलाला नाव कोणतेही दिले, तरी ते का दिले, हे त्याला सांगणे महत्त्वाचे. आजोबांचे नाव वागवणाऱ्या मुलावर ‘त्यांच्यासारखाच हो’ असे ओझे टाकले, तर नावाचा सन्मान होण्याऐवजी मुलाला त्याचा जाच होतो. चांगदेव दुसरे भास्कराचार्य झाले नाहीत. त्यांच्याकडून ती अपेक्षा कोणी केल्याचे लेखही सांगत नाही.

नावाचा निर्णय सवडीने घेण्याची मुभा कायद्यानेही दिली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. परंतु त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसेल, तर नावाविना नोंद करता येते. नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क दाखल करता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते नोंदवता येते. त्यामुळे दूरगावच्या आत्याची किंवा आजीची वाट पाहून नाव ठरवायला अडचण येत नाही.

आपल्या घरातील नावांची नोंद करू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून करावी. तिला आठवणारी नावे, त्यांची गावे, नाते आणि हाकेची नावे वहीत उतरवून घ्यावीत. स्त्रियांची माहेरची नावे आवर्जून विचारावीत. त्यानंतर सातबाऱ्याचे जुने उतारे, फेरफार, शाळेतील जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांवरून ती नावे ताडून पाहता येतात. एकाच नावाच्या दोन व्यक्ती आढळल्या, तर सालावरून त्या वेगळ्या कराव्यात.

पतंजलीने तीन पुरुषांची मर्यादा सांगितली आणि श्राद्धविधीने ती पाळली. पाटण्याच्या मठाने, सोपानदेवांच्या वहीने आणि धुळ्याच्या मंडळाने ती ओलांडली. या तिघांनाही साधने फार लागली नाहीत. जे हाती होते, ते वेळेत लिहून ठेवले गेले, एवढेच. पुढच्या आखाजीला ज्या घरांत घागर भरली जाईल, त्या घरांत पणजीचे माहेरचे नाव सांगू शकणारे कोणी ना कोणी अद्याप असेल. तिला ते विचारून घेण्यासाठी मुहूर्ताची गरज नाही.